सासऱ्यांचा शेरा

आमच्या सासऱ्यांइतका दुसऱ्याच्या वेळेचा लोभी माणूस अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात सापडायचा नाही. स्वतःचा वेळ त्यांनी तीस वर्षं एसटीला दिला, गडहिंग्लजच्या स्टँडवर कंट्रोलर म्हणून. निवृत्त झाल्यावर ते आमच्याकडे राहायला आले आणि गाड्या नाहीत म्हणून आमच्यावर घसरले. चहा सहा दहाला म्हणजे सहा दहाला. सहा बाराला आला तर कप हातात घेऊन ते घड्याळाकडे बघतात आणि चहा निवेपर्यंत बघतच राहतात. बायको म्हणते, बाबा पहिल्यापासून असेच आहेत. असतील, पण त्याची शिक्षा मला का?

त्यांनी टीव्हीशेजारी एक वही टांगली आहे. कोण, किती उशीर, उशिराचे कारण आणि शेवटी लाल पेनाने त्यांचा शेरा. माझ्या मुलीने एकदा लिहिलं, 'अंघोळीचं पाणी तापलं नाही.' शेरा पडला, 'पाणी स्वतःहून तापत नसते.' मी एकदा जेवायला उशिरा आलो, तेव्हा 'दुकानात गिऱ्हाईक' असं लिहून मोकळा झालो. शाहूपुरीत माझं मोटार-पंपांच्या सुट्या भागांचं दुकान आहे, गिऱ्हाईक असू शकतं की नाही? दुसऱ्या दिवशी हा गृहस्थ समोरच्या चहाच्या गाड्यावर तासभर बसून राहिला आणि संध्याकाळी वहीत लिहिलं, 'दुपारी दोन ते तीन गिऱ्हाईक नव्हते. जावई मोबाईल पाहत होते.' माझ्याच घरात, माझ्याच मुलीसमोर! मी चिडून म्हणालो, "मामा, मला खरंच वेळ नसतो." ते शांतपणे म्हणाले, "पावणं, येळ न्हाय असं म्हनू नगासा. ड्रायव्हरांची कारनं ऐकून माझं क्यास पिकल्यात. येळ हाय, तुमी त्यो कुटं घालवतासा तेवडं सांगा." मी ते कशाला सांगू? मी काय त्यांच्या डेपोतला ड्रायव्हर आहे?

पण त्यांनी माझी खरी दुखरी जागा शोधून काढली होती. माझी थोरली बहीण मलकापूरला एकटी राहते. आई लवकर गेली, मला आक्कानेच वाढवलं. तिला काचबिंदू झाला होता आणि दर रविवारी तिचा फोन यायचा. "एकदा यिऊन जा रं. उजव्या डोळ्यानं कायच दिसंना, डाव्याचंबी खरं न्हाय. दिसतंय तवर तुला बघू दे." मी दर वेळी हो म्हणायचो आणि दर वेळी काहीतरी निघायचं. पंपांचा सीझन, चुलत मेहुण्याचं लग्न, रत्नागिरी रस्त्याचं चाललेलं काम, माझी कंबर. आक्का "बरं" म्हणायची. पलीकडच्या खुर्चीत सासरे हे सगळं ऐकायचे आणि वहीत उतरवून घ्यायचे. दोन वर्षांची कारणं त्यांनी तारखेसकट लिहिली होती आणि एकाही कारणापुढे शेरा नव्हता. त्याचाच मला जास्त राग यायचा.

गेल्या मंगळवारी मी दुकान उघडून उदबत्ती लावत होतो, तोवर ते आले आणि त्यांनी शटर अर्धं खाली ओढलं. "मलकापूरची गाडी लागलीया. चला." मी ओरडलो, भांडलो, आज माल येणार आहे म्हणालो. ते म्हणाले, "माल उद्याबी यील." आसपासचे दुकानदार बघत होते, म्हणून निमूट निघालो. अख्ख्या प्रवासात मी मोबाईलमध्ये तोंड घालून बसलो. ते तिकिटं काढून खिडकीबाहेर बघत बसले.

आक्काचं घर स्टँडच्या समोरच आहे. ती उंबऱ्यात लसूण सोलत बसली होती. मी तिच्यापुढे जाऊन उभा राहिलो. तिने मान वर केली, माझ्या खांद्यापलीकडे कुठेतरी बघितलं आणि विचारलं, "कोन हाय?"

मी म्हणालो, "मी आलोय, आक्का."

तिने हात पुढे केला. लसणाच्या वासाची बोटं माझ्या कपाळावरून वर गेली. "क्यास कवा गेलं रं तुझं?" असं म्हणून ती हसली. मग म्हणाली, "दिवाळीतोवर डाव्या डोळ्याला जरा दिसत हुतं." तिने तक्रार केली नव्हती, नुसतं सांगितलं होतं. मला काहीतरी बोलायचं होतं, पण दोन वर्षांत पहिल्यांदाच माझ्याकडे एकही कारण नव्हतं. मला माझी लाज वाटली. सासऱ्यांकडे बघायचं धाडसच झालं नाही.

जेवणं झाली, आक्का लहानपणचं काहीबाही सांगत राहिली. चारच्या गाडीने परतायचं ठरलं होतं. पावणेचारला सासरे उठून स्टँडवर जाऊन आले आणि दारातच चपला काढत म्हणाले, "गाडीला लई गर्दी हाय, पावणं. उभं ऱ्हायाला जागा न्हाय. मागनं जाऊ की."

दारातून गाडी दिसत होती. तिच्यात चार-पाच डोकी होती. सासरे गाडीकडे पाठ करून बसले आणि आक्कापुढचा लसूण सोलू लागले.