गाडी खाली, चाकं मोठी

आईचे गुडघे दुखतात म्हणून मी गाडी खाली करून घेतली.

माणसं आईला डॉक्टरकडे नेतात, मी गाडीला गॅरेजात नेलं! त्याचं असं झालं, सिंगापुरात मोठ्या हौसेनं उंच एसयूव्ही घेतली आणि मग डोक्यात प्रकाश पडला, की पुण्याहून येणारी आई हिच्यात चढणार कशी? मागच्या खेपेला मित्राच्या अशाच गाडीत बसवताना मी तिला मागून ढकललं होतं आणि मित्रानं पुढून ओढलं होतं. "मी काय गादी आहे का रे?" म्हणून ती रडकुंडीला आली. आपल्या जाडेपणाचं आधीच तिच्या फार मनाला लागतं. या वेळी तिला माझ्या गाडीत लाजल्यासारखं होऊ नये, एवढीच माझी धडपड होती.

स्प्रिंगा बदलल्या, गाडी खाली आली, काम झालं. तिथंच थांबायचं ना! पण बसक्या गाडीला जुनी चाकं बरी दिसेनात. सूट घालून पायात स्लिपर! मग बायकोला, मंजिरीला, घेऊन चाकांच्या दुकानात गेलो. दुकानातल्या अंकलनं दोन प्रकारची अलॉय चाकं समोर ठेवली.

"धिस वन फिट नाइस. दॅट वन लूक नाइस."

"दॅट वन कॅनॉट फिट?"

"कॅन. बट टू वाइड. हेवी लोड, गो ओव्हर हंप, मेबी टायर टच बॉडी."

"मेबीच म्हणतोय," मी मंजिरीला म्हणालो.

"श्री, बसतात ती घे. शर्ट घेतानासुद्धा तू हेच करतोस!"

मी दिसणारी घेतली.

चाकं चढवायला वेळ लागणार होता, म्हणून मी रॅफल्स प्लेसला ऑफिसात पळालो आणि गाडी मंजिरीनं घरी आणली. दिवसभर माझा जीव टांगणीला. दर मीटिंगनंतर फोन! "टायर घासल्याचा आवाज आला का गं?" "नाही रे बाबा, अजिबात नाही!" तेव्हा कुठे घास गिळला. (घास म्हणजे अख्खी बिर्याणी, पण ते असो.)

संध्याकाळी मंजिरी आणि आमची आठ वर्षांची सई गाडी घेऊन विमानतळावर आल्या, मी एमआरटीनं, म्हणजे इथल्या मेट्रोनं, पोचलो. आईनं गाडीत एक पाय टाकला आणि टुणकन बसली! "अगबाई! रिक्षापेक्षा सोपं आहे की!" मला भरून आलं. मंजिरीला बाजूला करून मी स्टिअरिंग घेतलं. पोरगा गाडी चालवतोय हे आईला दिसायला नको?

पहिला हंप, म्हणजे आपला स्पीडब्रेकर, आला. घर्रर्र!

"काय रे ते?"

"काही नाही, रस्ताच तसा आहे." (सिंगापूरच्या रस्त्यावर असा आळ आजवर कुणी घेतला नसेल!)

दुसरा हंप. घर्रर्र! सई म्हणाली, "पपा, द कार इज क्राइंग लाह!"

आई बारीक आवाजात म्हणाली, "माझ्यामुळे होतंय ना रे?"

"छे गं, बॅगांमुळे!"

"बॅगांनी कधी गाडी रडते का? मला कळतं सगळं."

त्यापुढे घरापर्यंत, क्लेमेंटी येईपर्यंत, दर हंपाला ती वरचा दांडा धरून सीटवरून अर्धी उठायची. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पार्किंगच्या तोंडाशीच हंप. आई म्हणाली, "थांबव. मी उतरते. तुझी नवी गाडी मला मोडायची नाहीये." आणि उतरलीच! तिच्याबरोबर मंजिरी उतरली, सई उतरली, बॅगासुद्धा उतरल्या. आईनं डोळ्याला पदर लावला. मी एकटाच गाडी पुढे घेतली.

घर्रर्रर्र!

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मंजिरी वाकली. पुढच्या उजव्या टायरवर, बरोबर ड्रायव्हरच्या बाजूला, घासल्याची लखलखीत रेघ होती.

"श्री, तू उतर."

"अगं पण..."

"उतर म्हणते ना!"

मी उतरलो. आई बसली, सई बसली, बॅगा बसल्या, मंजिरीनं गाडी मागे घेऊन हंपावरून नेली. हूं नाही की चूं नाही! काच खाली झाली आणि आईचं हसू पार्किंगभर घुमलं. "अरे, मी नव्हेच! हा आपला बाळ!" ती इतकी खूश झाली, की मंजिरीला तिनं तो हंप पुन्हा एकदा ओलांडायला लावला. मी बाजूला उभा राहून पोट आत ओढून बघितलं, पण आता त्याचा उपयोग नव्हता.

घरी आल्या आल्या आईनं पदर खोचून थालीपिठं लावली. दोन खाऊन मी ताट पुढे केलं. आणि जन्मभर "आणखी एक घे रे" म्हणून माझ्या मागे लागलेली माझी सख्खी आई तव्यावर झाकण ठेवून म्हणाली, "चाकं बदलून येईपर्यंत दोनच!"