करवंटीतला साबण

माझ्यासारख्यानं लिहायला बसावं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी पाटीवर अक्षर काढलं नव्हतं. वाक्य कुठे अडखळलं तर क्षमा करावी. जे घडलं ते मात्र मी बदललेलं नाही.

त्या सकाळी कावळ्यानं माझा साबण उचलला.

ठाण्यात एका वकिलांच्या मागच्या पडवीत मी राहत होतो. आम्ही आगरी. आईबाप कोलशेतला मिठागरावर राबतात. वकीलसाहेबांनी जागा दिली होती आणि कॉलेजच्या फीमाफीच्या अर्जावर शिफारस द्यायचं कबूल केलं होतं. बदल्यात मी त्यांच्या दोन धाकट्या मुलांना ओटीवर गणित शिकवायचो. अट एकच. आधी मागच्या दारी, विहिरीपासून लांब, साबण लावून अंग धुवायचं. साबण विलायती, गुलाबी रंगाचा. तो बाहेर एका करवंटीत असे. घरातली माणसं डाळीचं पीठ लावत, बायका शिकेकाई. साबण फक्त मला. मला वाटायचं, केवढा हा मान! गावात मी तो सांगत फिरलो होतो.

दगड मारल्यावर कावळ्यानं साबण टाकला. पुन्हा नेऊ नये म्हणून मी न्हाणीघराच्या खिडकीतून हात घालून तो आतल्या कोनाड्यात ठेवला. वकीलसाहेबांच्या बायकोच्या, काकूंच्या पिठाच्या वाटीशेजारी.

काकू किंचाळल्या. "अरे मेल्या! ती चरबी आत ठेवलीस? माझ्या पिठाला लावलीस?"

"कसली चरबी, काकू?"

वकिलांचा थोरला मुलगा नाना अंगणात दात घासत होता. राखुंडीच्या तोंडानं हसला. "गाईची म्हण, डुकराची म्हण. तुला काय वाटलं, केशर घालतात? आई, कॉलेजात जातो ना हा? कावळ्याला कळतं ते याला कळत नाही!"

काकूंनी पीठ उकिरड्यावर टाकलं. कोनाड्यात गोमूत्र शिंपडलं. काठीनं साबण माझ्याकडे ढकलला.

"उचल. लाव. मुलं खोळंबलीत."

मी उचलला. लावला. ओटीवर जाऊन त्रैराशिक शिकवलं. हे लिहिताना अजून मान वर होत नाही.

दुपारी कॉलेजात भीत भीत रसायनाच्या मास्तरांना विचारलं. ते हसले नाहीत. म्हणाले, चरबी आणि सोड्याचा खार एकत्र उकळतात. नीट जमलं तर चरबी चरबी राहत नाही आणि खारही खार राहत नाही, तिसराच पदार्थ होतो. पण हलक्या साबणात खार उरतो. त्यांनी मी नेलेल्या साबणाच्या पाण्यात लिटमसचा तांबडा कागद बुडवला. तो निळा झाला. "हा उरलेला खार. भेगा पडलेल्या कातडीला हा जाळतो."

मला आईचे हात दिसले.

शिमग्याला मी त्या साबणाचा तुकडा दोऱ्यानं कापून घरी नेला होता. मिठाच्या पाण्यानं तिच्या तळव्यांना भेगा पडतात. मी म्हणालो होतो, "आये, तुझ्या हातांना वास येतो. हे लाव."

तिनं लावलं. "जलतंय रं."

"मळ निघतो, म्हणून जळतं."

शिकलेल्या पोरानं सांगितलं म्हणून तिनं आठ दिवस लावलं. भेगांतून रक्त आलं. मी चौकशीही केली नाही.

चरबीचं मला काही नव्हतं. आमच्यात तसलं सोवळं नाही. पण ज्या वस्तूला शिवायची त्यांना किळस येत होती, तीच मला शुद्ध करायला पुरेशी होती. तो मी मान समजलो. आणि तोच अपमान नेऊन आईच्या तळहातावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी तळ्यावर नुसत्या पाण्यानं अंघोळ करून ओटीसमोर उभा राहिलो.

"साबण लावलास?" वकीलसाहेबांनी विचारलं.

"नाही. अंघोळ केली आहे."

"मग ओटीवर पाय ठेवू नकोस."

"साबणानं माणूस शुद्ध होत असेल तर आपणही लावावा. होत नसेल तर मलाही नको."

ते रागावले नाहीत. हळूच म्हणाले, "अर्जावर माझी शिफारस लागायची आहे. विसरलास?"

"विसरलो नाही."

मी पडवीतलं गाठोडं उचललं.

घरी पोचल्यावर आईला म्हणालो, "आये, तो साबण टाक. माझं चुकलं."

ती मासळी साफ करत होती. वर न बघता म्हणाली, "हाताना वास येतंय म्हनालास, ता खरा का खोटा?"

"खोटं," मी म्हणालो. पण म्हणायला मला वेळ लागला. तो वेळ तिनं ओळखला.

तेव्हापासून पहाटे कोलशेतहून ठाण्याच्या स्टेशनापर्यंत चालत जातो आणि तिथून कॉलेजसाठी गाडी धरतो.

काल अर्जाची बातमी एकदाची कळली. नामंजूर. वकीलसाहेबांनी शिफारशीच्या जागी शेरा लिहिला आहे. कारकुनानं मला तो सगळ्यांसमोर वाचून दाखवला: "मुलगा हुशार आहे, परंतु आपली पायरी ओळखत नाही."

मी शेरा उतरवून घेतला. आज नवा अर्ज दिला. त्यात तो शेरा जसाच्या तसा लिहिला, आणि खाली माझ्या सहीनं एक ओळ: हे खरं आहे, आणि यापुढेही खरं राहील.