खोट्या आगीची शाबासकी

अमळनेरला कापसातली सरकी काढणाऱ्या जिनात इंजिनवर मिस्त्री म्हणून मी गेलो, तेव्हा तिथल्या व्यवस्थापकांनी माझं काम नंतर पाहिलं. आधी विचारलं, "हातून काही चुकलं, तर पहिल्यांदा कोणाला सांगाल?" आम्ही सगळे त्यांना आबा म्हणायचो. नव्या माणसाला त्यांचा हाच प्रश्न असे. "माझं चुकतच नाही," असं छाती काढून सांगणाऱ्याला ते चहा पाजून वाटेला लावत.

एका हिवाळ्यात पाचोऱ्याकडची एक बाई कापसातला कचरा निवडायच्या कामाला आली. तिनं सरळ सांगितलं, "जो जवळ व्हई त्याले सांगसू." आबांनी तिला लगेच ठेवून घेतलं.

आठवडाही झाला नसेल. जिनाचे मालक शेटजी मुंबईच्या व्यापाऱ्यांना जिन दाखवत होते. तेवढ्यात ती किंचाळली, "आग! इंजिन बंद करा!" मी इंजिनाची वाफ तोडली. बायका बाहेर धावल्या, गडी पाण्याच्या बादल्या घेऊन आत घुसले. कापसाचे ढीग उलटेपालटे केले. आग कुठेच नव्हती. भिंतीपलीकडे एक गाडीवान कपाशीच्या काड्यांवर भरताची वांगी भाजत होता. त्याचाच धूर आत आला होता.

शेटजी लाल झाले. "हिला आत्ताच्या आत्ता काढा!"

बाई पदर तोंडाशी धरून उभी होती. आता माझीही पाळी येणार, असं मला वाटलं. इंजिन मीच थांबवलं होतं.

आबा आधी तिच्याजवळ गेले. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "अक्का, तू वरडनी ते बरं करं. उद्या बी असा वास उना, ते असंच वरड." मग शेटजींकडे वळले. "हिला आज काढलं, तर उद्या खरी ठिणगी दिसली तरी कोणी तोंड उघडणार नाही. काढायचंच असेल, तर मला काढा."

शेटजी पाहुण्यांना घेऊन कचेरीत गेले. आबांनी मला खूण केली. मी इंजिन सुरू केलं.

आबांची नोकरी जाते की काय, या धास्तीत आम्ही बरेच दिवस काढले. ती गेली नाही. पुढच्या हंगामात गावातल्या बाकीच्या जिनांना कामाला बायका मिळेनात. आमच्याकडे मात्र ती बाई आपल्या दोन्ही जावांना घेऊन आली. आबा दारात खुर्ची टाकून बसले आणि थोरल्या जावेला विचारू लागले, "हातून काही चुकलं, तर..."

धाकटी मागून म्हणाली, "आबा, आम्हाले बठ्ठं माहीत शे! जो जवळ व्हई त्याले!" आबा खो खो हसले.