गिटार न जोडता वाजलेला अ‍ॅम्प

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. मी नाशिकचा, पेट्रोकेमिकलमधला इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर... आवाज आला की आधी वायर तपासणारा माणूस. त्यामुळे हे लिहितानाही स्वतःची चीड येतेय.

१९९८ साल. कुवेतमध्ये महबूलाला आमचा फ्लॅट होता. माझ्या इलेक्ट्रिक गिटारवरून खालच्यांनी दोनदा तक्रार केली, तेव्हा बिल्डिंगच्या रखवालदाराने, हारिसने, ठणकावलं, "तिसरी बार फ्लॅट खाली करना पडेगा, मुहंदिस." इंजिनिअरला तिकडे मुहंदिस म्हणतात. म्हणजे घरासाठी छोटा अ‍ॅम्प, अ‍ॅम्प्लिफायर, हवा, आणि त्याला हेडफोनची सोय हवीच. सिटीतली दुकानं पालथी घातली. एक भलताच थोरला, दुसऱ्याला हेडफोनचं सॉकेटच नाही, तिसऱ्याचा आवाज पत्र्याच्या डब्यासारखा.

शेवटी अर्दियात, कोकणातल्या एसी मेकॅनिक लोकांच्या बॅचलर खोलीत हवा तसा मिळाला. दहा वॅट, आठ इंची स्पीकर, हेडफोन सॉकेट. विकणारा बबन म्हणाला, "आमच्या दादांचो. गावच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचे. आता गावाक गेले." जाळीवर पिवळट डाग होते. डेटॉलने पुसले, तरी हात लावताना शिसारी यायची.

शुक्रवारी दुपारी जेवून हेडफोन लावले. गिटार अजून जोडलीही नव्हती... आणि कानात कुणीतरी खोकलं. ओला, घोगरा खोकला. मग खाकरणं, मग डब्यात पचकन थुंकणं. शी! जेवलेलं वर आलं. रेडिओ पकडतोय म्हणावं, तर असलं कोण ऐकवणार? वायर बदलली, प्लग बदलला, अर्थिंग तपासलं. बायकोला ऐकवलं, तर सुनीताने हेडफोनच भिरकावले.

चार दिवस हेच. चौथ्या दिवशी मी वैतागून ओरडलो, "मर की एकदाचा!"

खोकला थांबला. मग आलाच नाही. मला हायसं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. तसाच अ‍ॅम्प उचलून अर्दिया गाठलं आणि बबनला विचारलं, "दादा खोकायचे का?"

त्याचा चेहरा उतरला. दादा गावाला गेलेच नव्हते. दोन महिने छातीच्या दुखण्याने हॉस्पिटलात होते. "परत येवचे नाय असा वाटला. खाट दुसऱ्याक दिली," बबन पुटपुटला. जिवंत माणसाचं सामान विकून हे मोकळे! मला त्याची किळस आली. आणि मी तरी काय बोललो होतो...

हॉस्पिटलात मी एकटाच गेलो. दादा उशांना टेकून पडले होते, डोळे मिटलेले, शेजारी थुंकायचा डबा. मी नुसतं "नमस्कार" म्हणालो.

"तुमचो आवाज वळाखलंय मी," ते डोळे न उघडताच म्हणाले. "अजून मरूक नाय हां."

आम्ही पूर्वी कधीही भेटलो नव्हतो. हे कसं झालं, ते मला आजही सांगता येत नाही. माफी मागायला तोंड उघडलं, तोच त्यांना खोकल्याची उबळ आली... तोच खोकला. किळस तेव्हाही आलीच. डबा मात्र मी धरला.