पुढचं चाक माझं, मागचं तुमचं

फोन सकाळी आला तेव्हा गॅसवर दूध होतं. बनारसहून बाळचा, माझ्या धाकट्या भावाचा. "ताई, सुमनकाकू गेली गं... झोपेतच." मी विचारलं, "कुठे?" आता हा काय प्रश्न झाला! ब्रह्मा घाटावरच्या आपल्या घरात, आपल्या पलंगावर, आणखी कुठे? पण बाळला त्यात काही वावगं वाटलं नाही. काशीच्या आमच्या मराठी घरांत कुणी गेलं की आधी हेच विचारतात. काशीत गेली ना? "काशीतच," तो म्हणाला आणि मग आम्ही दोघंही रडलो. दूध केव्हा उतू गेलं ते कळलंसुद्धा नाही.

तेराव्याला जबलपूरहून गेले तर जो तो म्हणत होता, पुण्यवान हो, काशी मिळाली. मी मान डोलावत होते, पण आतून चिडले होते. अहो, काशीत मरायची हौस त्या बाईला कधी नव्हती! तिला अमरकंटकला जायचं होतं. नर्मदा जिथे उगम पावते तिथे. मला म्हणायची, "मंजू, एवढी अफाट गंगा मी रोज उठून बघते. एखादी नदी लहान असताना बघायची आहे मला. उडी मारून पलीकडे जाता येईल एवढी लहान." हे सांगताना तिचे डोळे असे व्हायचे, जणू ते पाणी तिच्या पायाशीच आहे.

काकू मूळची नागपूरची. उंच, दणकट, मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवायची. माहेरी वडिलांची फटफटी होती, ती चालवायला ती तिथेच शिकली होती. आणि लग्न होऊन आली कुणाकडे, तर आमच्या विष्णुकाकांकडे. काका घनपाठी वैदिक. पहाटेपासून विद्यार्थ्यांना वेदाची संथा द्यायची, सोवळंओवळं कडक, बाहेरचं पाणीही घ्यायचे नाहीत. नाक असं तिखट की तुपाचा डबा उघडला तर पलीकडच्या खोलीतून सांगायचे, हे म्हशीचं आहे. दोघांना मूलबाळ नव्हतं, पण त्याची खंत मला त्या घरात कधी जाणवली नाही. जाणवलं ते वेगळंच. आजोबा गेले त्या वर्षी काकांनी क्षेत्रसंन्यास घेतला. म्हणजे मरेपर्यंत काशीक्षेत्राची, पंचक्रोशीची हद्द ओलांडायची नाही. आमच्याकडे जुनी माणसं घेतात, म्हातारपणी. काका तेव्हा चाळिशीतले. घाटावर संकल्प सोडून घरी आले आणि ओल्या पंच्यानेच काकूला सांगितलं. "मला विचारलं नाही गं," काकू म्हणायची. आवाज चढवून कधीच नाही. पण ते वाक्य मी तिच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की आजही कानात तसंच आहे.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी तेव्हा बी.ए.ला होते. एक दिवस काकू म्हणाली, "चल, तुला गंमत दाखवते," आणि मला लहुराबीरच्या पुढे लल्लन मिस्त्रीच्या शेडमध्ये घेऊन गेली. तिथे दोन बुलेट उभ्या. एक काळी, एक लाल. दोन्ही साडेतीनशेच्या, दोन्ही जुन्या, लल्लनने दोन्हींचं हँडल उंच करून सीट खाली उतरवलेली, आरामात रेलून लांबवर जावं अशा. मला तर रंगाखेरीज काडीचा फरक दिसेना. लल्लनही तेच म्हणाला, "माताजी, दूनो एक्के हव. जौन मन करे, उठाय लीं." पण काकूचं मन काही करेना! महिना गेला, दुसरा गेला. शाळा सुटली की ती शेडमध्ये. आज काळीवर बस, उद्या लालवर. किक मार, आवाज ऐक, गोल चक्कर मारून ये, लल्लनचा चहा पी, घरी ये. ब्रह्मा घाटावर ही बातमी पसरायला कितीसा वेळ लागणार? वैदिकाच्या घरात बाई फटफटी घेणार म्हणून बायकांनी नाकं मुरडली. काकूने त्याचीही सोय काढली. शाळेत ती सलवार-कमीज घालायची, पण शेडमध्ये येताना मुद्दाम नऊवारी नेसून. "नऊवारीला कोण बोलेल? त्यांच्या आज्या नेसायच्या. आणि बसता किती छान येतं बघ," म्हणून पाय टाकून ऐटीत बसायची. साडीचा हा उपयोग आमच्या पूर्वजांच्या ध्यानीमनी नसेल.

फरक कुठे होता ते तिने मला एका संध्याकाळी घाटाच्या पायऱ्यांवर सांगितलं. थंडी नुकती पडत होती, पलीकडची वाळू धुक्यात विरघळल्यासारखी दिसत होती. काळीची सीट होती चामड्याची. लालची रेक्सीनची. काकांनी घरी ऐकल्या ऐकल्या सांगून टाकलं होतं, "चामडं मला चालणार नाही. मी त्यावर बसणार नाही." मी म्हटलं, "मग काळीची सीट बदल ना, हाय काय नि नाय काय!" तर हसली. "बदलली की हे बसणार. हे बसले की गाडी हद्दीशी थांबणार. काळी मी माझ्या एकटीसाठी बघतेय, मंजू. काळी घेतली तर अमरकंटक. लाल घेतली तर यांना मागे घेऊन पंचक्रोशीत गोल गोल." खाली कुणीतरी दिवा सोडला होता, तो दोनतीन वेळा कलंडला आणि सावरला. "मी गेले तर हे अडवणार नाहीत," ती म्हणाली. "डबा बांधून देतील. तेच तर अवघड आहे."

मला ती जायला हवी होती, खरं सांगते. वीस वर्षांच्या मुलीला आणखी काय हवं असतं? रोज विचारायचे, "घेतलीस काळी?" आणि ती म्हणायची, "उद्या."

आणि मग एका दुपारी काका स्वतः शेडमध्ये आले. रिक्षातून. धोतर, उपरणं, कपाळावर गंध, आणि चेहरा परीक्षा घ्यायला आल्यासारखा. लल्लनने घाईघाईने हात पुसले. काकांनी काळीकडे पाहिलंही नाही. लालच्या सीटजवळ वाकले, हुंगलं, चिमटीत धरून पाहिलं, पुन्हा हुंगलं. "ये चमड़ा तो नहीं है?" "राम राम, पंडितजी! रेक्सीन हव. भीतर नरियर क जटा." काका क्षणभर थांबले. "नारळाचा काथ्या," ते स्वतःशीच म्हणाले, "मग हरकत नाही." धोतराचा सोगा आवरला आणि उभ्या गाडीच्या मागच्या सीटवर चढून बसले. ताठ, पारायणाला बसल्यासारखे, दोन्ही हात गुडघ्यांवर. आम्ही तिघं नुसते बघत राहिलो. पाय जरा चाचपडले, फुटरेस्ट सापडले, त्यावर नीट ठेवले. आणि काकूकडे बघून म्हणाले, "अगं, पाय टेकतात हो."

एवढंच. जाऊ नकोस नाही, मला ने नाही, काही नाही. काकूने काळीच्या टाकीवरून एकदा तळवा फिरवला, अगदी सावकाश. मग लल्लनला म्हणाली, "लालवाली दे दीजिए." मला रडू फुटलं. राग आला होता मला, दोघांचाही. काकू मात्र गुणगुणत गाडी पुसत होती.

नंतरच्या रविवारांबद्दल काय लिहू... काही गल्लीतून पाहिलेले, काही काकूकडून ऐकलेले, ते सगळे एकच रविवार असल्यासारखे आठवतात. पहाटेचं धुकं, गल्लीच्या तोंडाशी मठाच्या कमानीखाली उभी लाल गाडी, काकूच्या किकबरोबर पारव्यांचा उडालेला थवा. मागे काका, कान उपरण्याने बांधलेले, मांडीवर घरच्या पाण्याचा तांब्या. शहर मागे पडलं की दोन्ही बाजूंना सरसोंची पिवळी शेतं, आणि गाडीच्या ठोक्यावर काका मंत्र म्हणायला लागायचे. हळू धावली की मंत्र हळू, जोरात धावली की जोरात. काकू कधीकधी मुद्दाम वेग कमीजास्त करायची आणि काका रागवायचे, "अगं, स्वर मोडतो!" भीमचंडीला देवीचं दर्शन, तळ्याकाठी घरून आणलेले दशम्यांचे डबे. आणि मग थोडं पुढे, रस्त्याच्या कडेला एक चिंचेचं झाड. काकांच्या हिशेबाने काशी तिथे संपायची.

तिथे काकू काय करायची ते काकांच्या माघारी तिनेच सांगितलं. पहिल्याच रविवारी तिने गाडी झाडापाशी अशी उभी केली की पुढचं चाक हद्दीच्या बाहेर आणि मागचं आत. म्हणाली, "पुढचं चाक माझं, मागचं तुमचं. आता सांगा, काय म्हणतं तुमचं शास्त्र?" काकांनी थट्टेवारी नेलं नाही. खाली वाकून झाड पाहिलं, चाक पाहिलं, खूप वेळ विचार केला. "मी आत आहे," ते म्हणाले. "तू बस हवा तेवढा वेळ." मग दर रविवारी तसंच. ती बाहेरच्या जगात, मिर्झापूरकडे जाणारा रस्ता बघत, आणि तिच्या पाठीमागे हातभर अंतरावर काका, काशीत. समोरून ट्रक येत, बैलगाड्या येत. ती कधी म्हणायची, "पुढे ऊन पडलंय वाटतं." ते म्हणायचे, "दिसतंय खरं." परत यायला दोघांनाही घाई नसे.

आले की काका घरात शिरायचे नाहीत. थेट घाटावर, अंगावरच्या कपड्यांनिशी गंगेत. पौषातल्या हाडं गोठवणाऱ्या थंडीतसुद्धा. "धूळ फार असते गं," असं म्हणायचे. आम्हाला ते खरं वाटायचं.

माझं लग्न होऊन मी जबलपूरला आले त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात लालची सीट उसवली. काकू दाभण-दोरा घेऊन शिवायला बसली आणि एकदम मला हाक मारली. रेक्सीनच्या खाली चामडं! लल्लनने जुन्या सीटवरच नवं कव्हर चढवलं होतं. काथ्या त्याच्याही खाली. एवढे मंत्र, एवढे रविवार, आणि बुडाखाली चामडं! काकूने भराभर टाके घातले. "कुणाजवळ बोललीस तर बघ," मला दम दिला. "ह्यांना कळलं तर पंचगव्य घेऊन बसतील, आणि पुन्हा गाडीवर पाय ठेवणार नाहीत." मी शपथ घेतली. हसू आवरता आवरत नव्हतं.

काका गेले त्याला आता तीन वर्षं होतील. चार दिवस छातीत दुखत होतं, पाचव्या दिवशी गेले, काशीतच, त्यांच्या मनासारखं. मी काकूला म्हटलं, आता तर तू मोकळी आहेस, ये माझ्याकडे, इथून अमरकंटक एका दिवसाचा रस्ता. "येईन गं," म्हणाली. दर पत्रात येईन, दर फोनवर येईन. रविवारी मात्र गाडी काढायची आणि भीमचंडीला जाऊन यायची. एकटी. गेल्या दिवाळीत मी बनारसला गेले तेव्हा जरा चिडूनच विचारलं, "काकू, आता कुठली हद्द गं तुला? व्रत त्यांचं होतं!" गच्चीवर ऊन खात बसली होती. गंगेकडे वळून बसली. मग म्हणाली, "त्यांना ठाऊक होतं, मंजू."

"काय?"

"सीटचं. पहिल्या दिवसापासून. शेडमध्ये वाकून हुंगलं ना, तेव्हाच. शेवटच्या दिवसांत मला म्हणाले, ती सीट बदलू नकोस हो... चामड्याची ऊब थंडीत बरी असते."

सुतकातही ज्याने एक नेम चुकवला नाही, तो माणूस सहा वर्षं दर रविवारी समजून उमजून चामड्यावर बसला होता, आणि दर रविवारी गंगेत बुडी मारून घरात आला होता. काकूने डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. "मी एक नदी सोडली असं तुला वाटतं," ती म्हणाली. "यांनी काय सोडलं ते मला उशिरा कळलं. अमरकंटकला जाईन की. पण झाडापाशी जाऊन थांबले ना, की मागे वळून बघावंसंच वाटत नाही. वाटतं, आहेत." ती आमची शेवटची भेट.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी बाळ म्हणाला, गाडी विकायला हवी, गल्लीच्या तोंडाशी जागा अडते. मी बघायला गेले. कमानीखाली लाल बुलेट उभी होती, टाकीवर धूळ. मागचे दोन्ही फुटरेस्ट उघडे. अरुंद जागा, येणाऱ्याजाणाऱ्याच्या पोटरीला लागत असणार, म्हणून मी ते दुमडायला गेले तर हलेनात. गंजून तसेच्या तसे बसले होते. शेजारचा दूधवाला म्हणाला, "मत छुइए दीदी. माताजी बंद नहीं करने देती थीं. हमसे तो एक बार इसी पर लड़ गईं."

तीन वर्षं. एकटी जायची, एकटी यायची, आणि काकांचे पाय टेकायची जागा उघडी ठेवून.

मी साडी सावरली आणि मागच्या सीटवर चढून बसले. एका बाजूला पाय सोडून नाही, दोन्हीकडे पाय टाकून, तिच्यासारखी. पाय जरा चाचपडले, मग फुटरेस्टवर टेकले. कमानीतून तिरपं ऊन येत होतं. सीट ऊबदार होती.