विलासची शेकोटी

शोभावहिनींचा फोन आला तेव्हा राजारामपुरीतल्या माझ्या फोटो स्टुडिओत मी एका बाळाला हसवायच्या खटपटीत होतो. "भाऊजी, हे गेलं..." एवढंच त्या बोलल्या. सकाळी अंगणात बसल्या बसल्या विलासच्या छातीत कळ आली आणि तो दवाखान्यापर्यंतसुद्धा पोचला नाही. बाळ रडायला लागलं, त्याची आई माझ्याकडे बघत राहिली, आणि मला आधी आठवला तो रंगराव. आता या दोघांचं बोलणं कधीच होणार नाही, या विचाराने मला रागच आला. कुणाचा, ते अजून ठरलेलं नाही.

विलास माझा शाळेपासूनचा दोस्त. पन्हाळ्याच्या पायथ्याला त्याचं शेत, शेताच्या कडेला पाहुण्यांसाठी बांधलेल्या चार खोल्या आणि मागच्या परसात शेकोटीचा खड्डा. शहरातले पाहुणे त्याला कॅम्पफायर म्हणायचे. बांधापलीकडे रंगराव. दोघांच्या म्हशी एकाच ओढ्यावर, दोघांचा चहा एकाच किटलीतला. तुमची लग्नं तेवढी वेगळी लागली, असं आम्ही त्यांना चिडवायचो.

काही वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यात पाहुण्यांनी हट्ट धरला म्हणून विलासने शेकोटी पेटवली. त्या दिवसांत गवत वाळून कडकडीत झालेलं असतं, डोंगरालगत आग लावायला वनखात्याची मनाई असते, हे सगळं त्याला माहीत होतं. पण पाहुण्यांना नाही म्हणणं त्याच्या जिवावर यायचं. झोपायला जाताना त्याने निखाऱ्यांवर राख आणि थोडी माती ओढली. आमच्या आया सकाळच्या चुलीसाठी विस्तव राखून ठेवायच्या, तो असाच, राखेखाली. ते बघत वाढलेल्या माणसाच्या एवढं ध्यानात येऊ नये? पहाटे वारं सुटलं, ठिणग्या बांधापलीकडे गेल्या आणि रंगरावची वैरणीची गंजी पेटली. गंजीशेजारी गाभण म्हैस दाव्याला होती... ती वाचली नाही.

उन्हाळ्यात डोंगर इकडेतिकडे जळतच असतो. वरून वणवा उतरला असंच सगळ्यांनी धरलं, रंगरावनेसुद्धा. विलास गप्प बसला असता तर कुणाला काही कळलं नसतं. पण तो आधी रंगरावच्या दारात गेला, मग वनखात्याच्या माणसांना जबाब देऊन आला. रंगरावने सगळं ऐकून घेतलं आणि दार लावलं. त्या दिवसापासून बोलणं बंद.

पुढे विलासच्या शेकोटीचा आम्हाला वैताग यायला लागला. खड्डा गवतापासून आणि झाडांपासून लांब नेला, भोवती दगड रचले. वारं असलं की पेटवायची नाही. उन्हाळ्यात तर नाहीच, पाहुणे रागावून निघून गेले तरी नाही. ओल्या लाकडांवर पेट्रोल शिंपडू बघणाऱ्या एका पाहुण्याला त्याने परसातून हाकललं होतं. शेवटी पाणी ओतायचं, काठीने ढवळायचं, पुन्हा ओतायचं, ऊब राहिली नाही ना ते हाताने बघायचं, मगच उठायचं. "अरे, विझली की आता!" मी ओरडायचो. "तवाबी इझली म्हणूनच झोपलो हुतो," तो म्हणायचा आणि बांधापलीकडच्या दिव्याकडे बघत बसायचा. ते बघणं मला सहन व्हायचं नाही.

रक्षाविसर्जनाला रंगराव आला. लोक पांगल्यावर माझ्याजवळ येऊन म्हणाला, "म्हशीचं मी कवाच इसरलोय. पर त्यानं मला सांगाया नको हुतं. वणव्यानं गेली म्हणून रडून मोकळा झालो असतो... दोस्त तरी ऱ्हायला असता." मी भडकलो. "मग एकदा बोलायचं होतंस की!" "रोज म्हणायचो, उद्या बोलू," तो म्हणाला.

गेल्या आठवड्यात थंडीचे पाहुणे आले. वहिनींनी शेकोटी पेटवली, मी बादल्या भरून ठेवल्या. थोड्या वेळाने बांध ओलांडून रंगराव आला. "मला कुणाचा भरवसा न्हाय. इझस्तवर बसतो," तो गुरकावला. मग आवाज खाली आणून विचारलं, "वहिनी, विलास कुठं बसायचा?" वहिनींनी बाकाचं एक टोक दाखवलं. रंगराव बाकापाशी जरा वेळ उभा राहिला आणि ते टोक मोकळं सोडून शेजारी बसला.