रिकामा कॅमेरा

वर्ध्याहून सकाळी पुण्यात उतरले ती आईला बघायला. आईला जाऊन अकरा वर्षं झाली. तिचा फोटो काढायचा राहूनच गेला. पण मी लहान असताना सरकारी माहितीपटवाले आमच्या गावी कापसावर फिल्म काढायला आले होते. नवं लुगडं नेसून आपण कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिलो, हे आई शेवटपर्यंत सांगायची. त्या खात्याची घडी ज्यांनी बसवली, ते साहेब आता खराडीत मुलाकडे राहतात असं कळलं होतं.

खराडी किती लांब, असं रिक्षावाल्याला विचारलं.

"रस्ता आहे तेवढी," तो म्हणाला आणि रिक्षा सुरू केली.

काचेच्या इमारती सगळ्या सारख्याच. मी चुकीच्या फाटकाशी उतरले. तिथला पहारेकरी माझी बोली ऐकून हसला. "कोन्या गावच्या व्हय बाई तुमी?" तो वाशीमचा निघाला. त्याने पाणी दिलं आणि बरोबर फाटकापर्यंत पोचवलं.

साहेब नव्वदीला टेकलेले, पण शर्टाला कडक इस्त्री. सूनबाईंनी पोहे दिले. पोह्यांत साखर होती, मुकाट्याने खाल्ले. मग लुगड्याची गोष्ट सांगितली.

"आई पहिल्या दिवशी उभ्या होत्या?" साहेबांनी विचारलं.

"हो, सगळ्यांच्या पुढे."

"मग ते चित्रण नाही. अहो, पहिले दोन दिवस कॅमेरा रिकामा फिरवायचा, हा माझाच नियम. लोक नटून येत, बुजत. कंटाळून कामाला लागले की तिसऱ्या दिवशी रीळ भरायचो."

मला संताप आला. "तिला सांगायचं तरी होतं."

"सांगितलं असतं तर तिसऱ्या दिवशीही त्या नटूनच आल्या नसत्या का?" ते म्हणाले, पण माझ्याकडे न बघता. मग त्यांनी मुलाला कॉम्प्युटरवर सीडी लावायला सांगितली.

कापूस वेचणाऱ्या बायकांची रांग दिसली. त्यांत एक ठिगळाच्या लुगड्यातली, कमरेला ओटी (कापूस वेचून टाकायची झोळी) बांधलेली. ती मागे वळून एका रडक्या पोरीला दटावत होती आणि डाव्या मनगटाने घाम पुसत होती. आई तसाच पुसायची. पोरगी मी होते. मला रडू आवरेना. साहेबांनी ती जागा पुन्हा दाखवायला लावली, तीनदा.

परतीच्या गाडीत साहेबांनी दिलेली सीडी पर्समध्ये होती. जुन्या लुगड्यात दाखवलं म्हणून आईने साहेबांना चांगलंच झापलं असतं. माझा राग मात्र गेला होता. नव्या लुगड्यातली आई मला आठवतच नाही. मला दटावणारी आठवते.